मदत हवी आहे : ३५,००० रुपयांत जुना गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय. आधी ग्राफिक्स कार्ड घेऊ की प्रोसेसर?

नमस्कार मंडळी,

अकोल्याहून लिहितोय. २०१९ मध्ये नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून पीसी बांधला होता. आता त्यावर ३५,००० रुपये खर्च करायचे आहेत. आठ महिने थोडे थोडे बाजूला टाकून ही रक्कम जमली आहे आणि पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा एवढे पैसे निघणार नाहीत. म्हणून एकदाच, पण नीट विचारून घ्यायचंय.

सध्या मशीनमध्ये रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड, डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची एकच स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर २२ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ. तो बदलायचा नाही, माझ्या डोळ्यांना पुरतो. विंडोज ११ टाकून झालंय, २६०० त्याला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे.

मी रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. रेड डेड रिडेम्प्शन २ अर्धवट राहिलाय, सगळं लो वर ठेवूनही ३५ एफपीएसच्या (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या) आसपासच अडकतो. एल्डन रिंग खेळायची फार इच्छा आहे, पण त्याला किमान १२ जीबी रॅम लागते, म्हणजे माझं मशीन दारातच थांबलं. शिवाय धाकटी बहीण याच मशीनवर ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकते. तिचं एक साधं दृश्य रेंडर व्हायला लागलं की आम्ही दोघं जेवून येतो.

अपग्रेड आत्ताच का, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. १०५० टीआय त्याच पिढीचं. सहा वर्षं इमानाने चाललं, पण आता पुढे ओढण्यात अर्थ नाही.

आफ्टरबर्नर (कार्ड-प्रोसेसरवर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं. रेड डेडमध्ये कार्ड ९८-९९ टक्के, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) काठोकाठ, प्रोसेसर निवांत. म्हणजे तिथे अडचण कार्डाची. व्हॅलोरंटमध्ये उलटं: कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतं आणि तरी चकमक सुरू झाली की एफपीएस एकदम कोसळतो. त्यावरून मला वाटतंय की प्रोसेसरही बदलावा लागेल.

दुकानांतून मिळालेले भाव असे. आरएक्स ६६०० ८ जीबी २०,५०० रुपये, रायझन ५ ५६०० १०,५००, ८ जीबीची आणखी एक स्टिक ४,५००. रॅमचे भाव इतके चढलेत की गेल्या वर्षी दोन स्टिकना जे पडले असते ते आता एकीला पडतात. आणि ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, ४,०००. बेरीज ३९,५००. साडेचार हजार कुठून तरी कापायचेत. दुकानदार म्हणतो, एसएमपीएस राहू द्या, सध्याचा ५०० वॅटचा आहे, पुरेल.

इथेच माझं मन अडतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी वीज तीन वेळा गेली-आली आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस धूर सोडून बंद पडला. जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. बाबांनी स्कॅन करून ठेवलेले शेताचे कागद आणि आजीचे सगळे फोटो तिच्यात होते. कागद पुन्हा मिळाले, फोटो मिळाले नाहीत. तेव्हा घाईत आणलेला आत्ताचा एसएमपीएसही साधाच आहे. वर ५०० वॅट छापलंय, ८० प्लसची खूण कुठेच नाही, आणि कार्डासाठी ६ पिनची एकच वायर. आरएक्स ६६०० ला ८ पिन लागते. दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या प्लगवरून) ८ पिन करून देणारा कन्व्हर्टर देतो म्हणाला. मला ते पटत नाहीये, पण माझी जुनी भीती बोलतेय की खरंच धोका आहे, हे नीट कळत नाही.

बाकी पर्यायही पाहिलेत. इंटेल आर्क बी५८० ला १२ जीबी व्हीरॅम आहे, ते मोहात पाडतं. बहिणीच्या ब्लेंडरसाठी आरटीएक्स ३०५० घ्यावं का, हाही प्रश्न आहे. एका ओळखीच्याने आरएक्स ५८० सेकंड हॅण्ड सात हजारांत देऊ केलंय. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, खोलीत कूलर असतो पण एसी नाही, तेही लक्षात घ्या.

कशावर पैसे घालू आणि काय मागे ठेवू, सांगाल का?

प्रतिसाद

भाऊ, तुमची भीती बरोबर आहे, ती सोडू नका. मी पुण्यात पीसी जोडून देतो. मोलेक्सच्या कन्व्हर्टरवर कार्ड चालवलेली आणि प्लग वितळलेली मशीन माझ्या टेबलावर आलेली आहेत. ८ पिनच्या वायरीतून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं, मोलेक्सची ती बारीक पिन त्यासाठी केलेलीच नाही. यादीतून काहीही कापा, एसएमपीएस कापू नका. पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या आणि पक्कं जीएसटी बिल मागा. बिलाशिवाय वॉरंटीला कोणी दाद देत नाही.

प्रोसेसर मात्र आत्ता थांबवा. व्हॅलोरंटमध्ये एफपीएस कोसळण्याचं कारण तुम्ही २६०० वर ढकललंत, पण रॅमची एकच स्टिक आहे हे विसरलात. एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता अर्धा. रायझनला ते फार जाणवतं, कारण त्याचं आतलं दळणवळण रॅमच्याच वेगावर चालतं. कोणाकडून तरी ८ जीबीची स्टिक दोन दिवस उसनी आणा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, आणि मग बोला. कंपनी वेगळी असली तरी बहुतेक वेळा चालते, दोन्ही स्टिक हळू असेल तिच्या वेगाने धावतात.

आर्क बी५८० चांगलं कार्ड आहे, तुमच्या मशीनसाठी नाही. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं आणि २६०० ला त्याचा अधिकृत आधार नाही. शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, जुन्या प्रोसेसरवर निम्मी मजा निघून जाते. आरएक्स ५८० घेऊ नका. बाजारात २०४८एसपी नावाचं कापलेलं कार्डही ५८० म्हणूनच विकलं जातं, कित्येक क्रिप्टो मायनिंगमध्ये राबून आलेली असतात, आणि अकोल्याच्या उन्हात १८५ वॅटचं कार्ड खोली आणखी तापवेल. आरएक्स ६६०० चं १३२ वॅटमध्ये भागतं. त्यात रे ट्रेसिंगचं (गेममध्ये खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याचं) हार्डवेअरही आहे. इंडियाना जोन्सचा २०२४ चा गेम त्याशिवाय सुरूच होत नाही, ५८० वर तो कधीच चालणार नाही.

ब्लेंडरचं म्हणाल तर तिथे एनव्हिडिया पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. पण ३०५० घ्यायचंच ठरलं तर ८ जीबी की ६ जीबी हे खोक्यावर वाचून घ्या. ६ जीबीवालं नुसतं मेमरीने कमी नाही, आतली चिपही कापलेली आहे, आणि दुकानात दोघांनाही ३०५०च म्हणतात. गेममध्ये ६६०० दोघांच्याही पुढे आहे. बहिणीचं काम १०५० टीआयवर चाललंय, तर ६६०० वर ते निश्चित हलकं होईल. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये एचआयपी (एएमडीच्या कार्डावर रेंडर करायचा पर्याय) निवडायला सांगा तिला.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, एवढीच भर. पुढे कधी ५६०० घ्याल तेव्हा जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि ते करताना मशीन यूपीएसवरच असू द्या. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड हातचा जातो. आणि नवं कार्ड लावण्यापूर्वी एनव्हिडियाचे ड्रायव्हर डीडीयूने (जुने ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) पुसून काढा.

धागाकर्ता

दादा, दोघांचेही मनापासून आभार. मित्राची स्टिक शनिवारी आणली आणि रविवारी रात्री चार मॅच खेळलो. कमाल एफपीएस थोडाच वाढला, पण कोसळणं जवळजवळ थांबलं. आधी चकमकीत ७० च्या खाली जायचा, आता ११० च्या खाली गेलेला दिसला नाही. मी ज्याला प्रोसेसरचा दोष समजत होतो तो साडेचार हजारांची दुसरी स्टिक नसण्याचा निघाला. तुम्ही सांगितलं नसतं तर दहा हजार चुकीच्या जागी गेले असते.

आता असं ठरवलंय: एसएमपीएस, आरएक्स ६६०० आणि रॅम. २९,००० होतात. उरलेल्या सहा हजारांत आधी एक बाहेरची हार्ड डिस्क घेणार, घरचे कागद आणि फोटो तिच्यावर ठेवून ती कपाटात ठेवणार. बहिणीला एचआयपीचं दाखवलं, तिने त्यावरचे धडे शोधायला सुरुवातही केली.

एक शंका अजून आहे. माझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॅट. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर धरून माझा हिशोब २५० ते २८० वॅटपर्यंत जातो, तेवढं तो उचलेल. पण असे यूपीएस बॅटरीवर गेले की शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस त्यावर कधीकधी बंद पडतात असं वाचलं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर ब्रॉन्झ एसएमपीएस चालवत असलेलं कोणी इथे आहे का? वीज गेल्यावर मशीन चालू राहतं की लगेच बंद होतं, तेवढं कळवा. एसएमपीएस शुक्रवारी घ्यायला जाणार आहे.