मदत हवी आहे : मॉस्कोतल्या अभिलेखागारातली कागदपत्रं कशी मिळवावीत?

वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे भाऊ) आणि अवनी मुखर्जी या दोन भारतीय कम्युनिस्ट क्रांतिकारकांवर लिहितोय. दोघेही १९३७ साली स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले. तिथे अडकलोय.

कॉमिन्टर्नची (मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेची) कागदपत्रं मॉस्कोतल्या सामाजिक-राजकीय इतिहासाच्या राज्य अभिलेखागारात आहेत, संग्रह क्रमांक ४९५. पण अटक, चौकशी, कबुलीजबाब हा सगळा ऐवज गुप्त पोलिसांच्या वारसदार खात्याकडे, एफएसबीकडे राहिला. १९९१ नंतर दारं जरा किलकिली झाली, मग पुन्हा लोटली गेली. वैयक्तिक गुपितांसाठी ७५ वर्षांची अट आहे, म्हणजे १९३७ च्या फाइलींची मुदत २०१२ लाच संपली. तरी वारसांची संमती मागतात असं ऐकतो. वारस शोधायचे कुठे?

दुसरी अडचण मला जास्त छळते. फाइल मिळालीच तरी तिच्यातला कबुलीजबाब मारहाण करून लिहून घेतलेला असणार. ‘मी जर्मन हेर आहे’ या वाक्यावरून माणसाबद्दल काहीच कळत नाही, चौकशी करणाऱ्याला काय हवं होतं एवढंच कळतं. (तेही थोडं नाही म्हणा.)

कुणी तिथे पत्रव्यवहार केलाय का? अर्ज रशियनमध्येच लागतो का? संग्रहाची सूची न पाहता फाइल क्रमांक कसा शोधायचा? बर्लिनमधल्या जर्मन परराष्ट्र खात्याच्या कागदांत वीरेंद्रनाथांच्या पहिल्या महायुद्धकाळातल्या कामाबद्दल बरंच आहे, पण ती वेगळी गोष्ट. मला १९३७ हवंय.