मदत हवी आहे: भाऊ महिन्याच्या इंजेक्शनला तयार नाही

नमस्कार. आम्ही नागपूरच्या नंदनवनला राहतो, आई, मी अन् धाकटा भाऊ. तो 27 वर्षांचा, स्किझोफ्रेनियाची ट्रीटमेंट चालू आहे. मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या, तर मागच्या जाळीत त्याच्या रोजच्या औषधाच्या, रिस्पेरिडोनच्या, 19 गोळ्या. धुळीने माखलेल्या. मोजल्या अन् तिथेच बसून राहिले.

डॉक्टर म्हणतात, पॅलिपेरिडोनचं इंजेक्शन सुरू करू. पहिलं झालं की आठव्या दिवशी दुसरं, मग महिन्याला एक. रिस्पेरिडोनचं शरीरात पॅलिपेरिडोनच होतं, अन् नीट घ्यायचा तेव्हा त्याला ते सोसलं होतं, म्हणून हे. फ्लूफेनाझिनचं तेलातलं जुनं इंजेक्शन स्वस्त पडतं, तोही पर्याय आहे.

भाऊ म्हणतो, "ताई, काऊन टोचून राहिले मले? मी काई केलं का?" पहिल्यांदा भरती केलं तेव्हा चौघांनी धरून सुई दिली होती. ते शांत करायचं वेगळं औषध होतं, पण त्याच्या लेखी सुई म्हणजे तेच. वर परवा ओपीडीत सिस्टर त्याच्यादेखत मला म्हणाल्या, "गोळ्या लपवतो न? मग लावून टाका डेपो." डेपो म्हणजे हेच, बरेच दिवस पुरणारं इंजेक्शन. तो उठून गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

त्याचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते, हे एकदा टोचलं की अंगातून काढता येत नाही.

आई म्हणते, गोळ्या कुटून वरणात घालू. मी नाही म्हटलं, तर दोन दिवस अबोला. तुमच्याकडे कोणी कसं समजावलं?

प्रतिसाद

मनोविकार वॉर्डात नर्स होते. त्या सिस्टर बोलल्या तसं मीही बोलले आहे, लाज वाटते आता. आमच्यातही दोन तट असायचे: काहींना डेपो म्हणजे सुटका, काहींना जबरदस्ती.

वरणात नका घालू. कळलं की तो जेवणही सोडेल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, त्याला समजून ठरवता येत असेल तर होकार त्याचाच लागतो. त्याचा मुद्दा खराच आहे, तो डॉक्टरांपुढे त्यालाच मांडू द्या. हातपाय आखडणं, एका जागी बसवेनासं होणं, असं झालं तर काय करायचं ते आधीच विचारून ठेवा.

पॅलिपेरिडोनची पहिली दोन दंडातच देतात. पण पहिलं डाव्या की उजव्या, ते त्याला ठरवू द्या. दिल्यावर जागा चोळायची नाही.

मूळ धागाकर्ती

धन्यवाद सिस्टर. काल गच्चीवर त्याला एवढंच विचारलं, घ्यायचंच ठरलं तर कोणता हात? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "डावा. उजव्यानं कॅरम खेळतो न." होकार दिला नाही अजून. गुरुवारी डॉक्टरांना स्वतः विचारणार आहे म्हणतो.