३०% रिसायकल पेट प्लास्टिक मिसळल्यावर प्रीफॉर्म पिवळे, बाटली ठिसूळ

प्रीफॉर्मवाला: नव्या पेटमध्ये ३०% धुतलेले फ्लेक (जुन्या बाटल्यांचे तुकडे) टाकतोय. प्रीफॉर्म (फुगवून बाटली करतो ती नळी) पिवळट, बाटली पडली की तळाशी तडकते. साध्या हॉपरमध्ये १२० अंशांवर २ तास सुकवतो. बॅरल (माल वितळतो तो मशीनचा भाग) २९० अंशांवर. काय चुकतंय?

एक्स्ट्रूडर: सुकवणीच कमी पडतेय. वितळताना पाणी पेटच्या साखळ्या तोडतं, आयव्ही (साखळ्यांच्या लांबीचं माप) घसरतो, म्हणून तडा. ओलावा ५० पीपीएमखाली (दहा लाखांत ५० भाग) हवा, आणि तो साध्या गरम हवेने येत नाही. डीह्युमिडिफायर (कोरड्या हवेचा ड्रायर) लावा: दवबिंदू उणे ४०, १६०-१७० अंश, ४ ते ६ तास. बाटलीच्या मानेचे जाड, क्रिस्टलाइज न झालेले (रेणू नीट न रचलेले) तुकडे मात्र तापले की चिकटतात आणि हॉपरच्या तोंडाशी गठ्ठा बसतो. ते आधी क्रिस्टलायझरमधून (ढवळत तापवणारं यंत्र) फिरवून घ्या.

वॉशलाइन: पिवळेपणासाठी फ्लेकही तपासा. झाकणांचं पीपी-एचडीपीई प्लास्टिक धुण्याच्या टाकीत तरंगतं, पण पीव्हीसी (दुसरं प्लास्टिक) पेटसारखंच बुडतं. मूठभर फ्लेक ट्रेमध्ये पसरून २२० अंशांवर अर्धा तास ठेवा. काळे पडतील ते पीव्हीसी, कडेला तपकिरी डाग म्हणजे लेबलचा गोंद. गोंदासाठी २% कॉस्टिक सोड्याची धुणी, ८०-८५ अंश. शेवटची धुणी स्वच्छ पाण्याची, कॉस्टिक उरलं तरी माल पिवळाच.

प्रीफॉर्मवाला: बॅरलचं तापमान आधी उतरवू का?

एक्स्ट्रूडर: नको, आधी सुकवणी. ओला माल २७५ लाही तुटतो.