मदत हवी आहे : तलावाच्या कामात वस्तीतल्या लोकांना कसं ओढायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला, कंबर तलावाजवळ राहतो. जलपर्णी काढायची, पुन्हा ती येते, पुन्हा काढायची. यंदा आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की काठावरच्या लोकांनाच विचारू, तलाव कसा हवाय. रविवारी संध्याकाळी सात वाजता बैठक ठेवली. आले किती? अकरा. त्यातले चार चहाला.

नंतर लक्षात आलं, चूक आमचीच. बायका दिवसभर विड्या वळतात, सातला त्यांच्या चुली पेटलेल्या. यंत्रमागावरचे पुरुष पाळीवर. पत्रक मराठीत, आणि निम्म्या आज्ज्या तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या! जे आले त्यांचा पहिला प्रश्न, "काठ नटवणार म्हणजे आम्हाला उठवणार ना?" अहमदाबादेत नदीकाठ नटवताना साबरमतीकाठची हजारो कुटुंबं हलवली गेली, हे त्यांना ठाऊक आहे. यावर काय उत्तर द्यावं, खरंच सुचलं नाही.

बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून गावातलं सिद्धेश्वर तळं खोदलं, असं आपण अभिमानानं सांगतो. आज तेवढे हात कसे गोळा करायचे?

पुण्यात मुळा-मुठेसाठी किंवा कुठल्या तळ्यासाठी काम केलेलं कुणी आहे का इथं? बैठकीऐवजी दारोदार जावं, की आधी एखादा घाट साफ करून दाखवावा? घर जाण्याच्या भीतीवर लेखी काय मागून घ्यावं, आणि कुणाकडून? निर्माल्याचं तर वेगळंच रडगाणं, ते नंतर. पुढची बैठक दुपारी, विड्या वळताना त्यांच्या ओट्यावरच घ्यावी म्हणतोय. जमेल का?