मदत हवी आहे: बार्नेटच्या ग्रामर शाळेला पहिली पसंती द्यावी का?

आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. मुलाने बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्स शाळेसाठी इलेव्हन प्लस (ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा) दिली, गुण चांगले आलेत. शाळा सरकारी, फी नाही, फक्त मुलांची. सहा शाळांचा पसंतीक्रम 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचाय. दुसरा पर्याय घराजवळची मुलामुलींची शाळा, चालत दहा मिनिटं.

ओपन डेला जाऊन आलो, ऑफस्टेडचा (शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था) अहवाल वाचला, निकालांचे आकडे पाहिले. पण मुलं परीक्षेतून निवडूनच घेतलेली असताना निकाल उत्तम लागणारच. शिकवण्याचा वाटा त्यात किती, हे मला अजून कळलेलं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. प्रोग्रेस 8 चा (प्राथमिक शाळा संपल्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलांची प्रगती मोजणारा) आकडाही अशा शाळेबाबत मला पुरेसा वाटत नाही.

घर बदलणं किंवा खाजगी शाळा शक्य नाही. मुलगा हुशार आहे पण बुजरा. आठवड्यातून दोनदा तबला शिकतो, तो सोडायचा नाही. जायला बसने तासभर तरी लागेल.

ज्यांची मुलं तिथे किंवा अशाच ग्रामर शाळेत आहेत त्यांना विचारायचंय: वर्गात मधल्या किंवा खालच्या क्रमांकावर असलेल्या मुलाकडे शिक्षक कितपत लक्ष देतात? आणि इयर 7-8 मध्ये (माध्यमिक शाळेची पहिली दोन वर्षं) रोज गृहपाठाला साधारण किती वेळ जातो?