उद्योगांच्या स्मृतिपदकांचा संग्रह करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

साचाखाता: नमस्कार मंडळी. माझे बाबा लालबागला गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. ते गेल्यावर ट्रंकेत एक पितळी पदक सापडलं. मिलच्या रौप्यमहोत्सवाचं आहे, एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला माग. तेव्हापासून कारखान्यांची, प्रदर्शनांची अशी पदकं जमवावीशी वाटतात. बजेट महिन्याला हजारेक रुपये. काय घेऊ, कसं पारखू?

जुनाबाजार_पुणे: आधी बाबांच्या पदकाची कड भिंगाखाली बघा. बहुतेक जण दोन्ही बाजू बघतात आणि कड सोडून देतात. ठशानं पाडलेल्या पदकाची अक्षरं कडक, धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं बोथट दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेला बऱ्याचदा जोडाची रेघ घासल्याची खूण सापडते. जाडी-व्यास मोजायला व्हर्नियर आणि छोटा वजनकाटा घ्याच.

नाणीही चालणार असतील, तर जमशेटजी टाटांच्या १७५ व्या जयंतीची १०० आणि ५ रुपयांची स्मृतिनाणी बघा. जानेवारी २०१५ मध्ये निघाली. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांचीच, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. गिरणीवाल्यांच्या घरात हे नाणं शोभेल. जमल्यास नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणकशास्त्र संग्रहालय बघून या. नजर तयार होते, आणि मगच पैसे खर्चावेत असं माझं ठाम मत आहे.

बर्मिंगहॅमकर: कडेबद्दल वर लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात भाग घेणाऱ्यांना जे पदक मिळालं, त्यावर विल्यम वायननं कोरलेला प्रिन्स अल्बर्टचा चेहरा आहे. खरी मौज मात्र कडेवर. तिथे देश, वर्ग आणि क्रमांक ठोकलेला असतो. माझ्याकडच्या पदकावर सहावा वर्ग आहे, म्हणजे कारखान्यातली यंत्रं आणि हत्यारं. प्रदर्शनाच्या कॅटलॉगात तो क्रमांक काढला की पदक कोणाचं ते कळतं. मी अख्खी रात्र त्यात घालवली.

एक लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं पदक भारताबाहेर पाठवू नका, १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

तांबेपितळ: कळकळीनं सांगते, चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका! मी आजोबांचं पदक चिंचेनं घासलं. शंभर वर्षांचा तपकिरी रंग पाच मिनिटांत गेला, तो परत येत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो. आम्लविरहित कागदाचं पाकीट, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि हात लावायचा तो कडेला धरूनच. पदकाची डबी, पत्र, फोटो असेल तर पदकासोबतच ठेवा.

साचाखाता: सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भिंग घेऊन बसलो. कडेवर मळाखाली चार आकडे आहेत, हातानं कोरलेले, शेवटचा जरा तिरका. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अरे, हा तर ह्यांचा गिरणीतल्या हजेरीचा तिकीट नंबर."

मळ तसाच ठेवलाय. आता त्याच खात्यातल्या बाकीच्यांची पदकं कुणाच्या घरी असतील तर बघायची आहेत. विकत नकोत, फक्त कडेचे फोटो हवेत. कुणाकडे आहेत का?