अतिमात्रेचे मृत्यू रोखण्याच्या धोरणाचे संचालकपद: हातात नेमके काय असते?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील एका राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात मी गेली अकरा वर्षे साथरोगांच्या आकडेवारीचे विश्लेषण करते आहे. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू रोखण्यासाठी विभागात एक वरिष्ठ धोरणपद निर्माण झाले असून त्यासाठी मी अर्ज करावा, असे वरिष्ठांनी सुचवले आहे. पदाच्या वर्णनात ‘नेतृत्व’ आणि ‘समन्वय’ हे शब्द पुष्कळ वेळा आले आहेत, परंतु अधिकाराविषयी फारसे काही नाही. तुरुंग एका खात्याकडे, पोलीस दुसऱ्याकडे, मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा पैसा तिसऱ्याकडे, आणि मृत्यूचे कारण नोंदवणारे कॉरोनर तर अनेक काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांत) निवडून आलेले असतात. देशात २०२२ मध्ये सुमारे १,०८,००० माणसे अतिमात्रेने गेली. २०२४ मध्ये हा आकडा ८०,००० च्या आसपास उतरला, ही मोठीच गोष्ट आहे, पण त्यामुळे आता लक्ष दुसरीकडे वळेल की काय, अशी धास्तीही वाटते. शिवाय मी डॉक्टर नाही. अशा पदावरून खरोखर काही बदलता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपली डॉक्टर नसल्याची चिंता आधी बाजूला ठेवू. व्हाइट हाउसचे राष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालय १९८८ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याच्या प्रमुखपदी पहिले डॉक्टर, राहुल गुप्ता, थेट २०२१ मध्ये आले. त्याआधी ते वेस्ट व्हर्जिनियाचे आरोग्य आयुक्त होते आणि त्यांच्या तेथील कामापैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आपल्याच विद्येचे काम आहे. २०१६ मध्ये त्या राज्यात अतिमात्रेने मरण पावलेल्या माणसांच्या नोंदी विविध खात्यांकडून मागवून एकमेकींशी जोडण्यात आल्या. मृत्यूपूर्वीच्या वर्षभरात त्यांच्यापैकी दर पाचांतील सुमारे चार जण आरोग्ययंत्रणेच्या एखाद्या तरी दारात येऊन गेले होते, असे त्यातून दिसले. ही माणसे कोणाच्या नजरेस पडलीच नव्हती असे नाही. प्रत्येक खात्याने त्यांना आपापल्या खिडकीतून पाहिले होते आणि पुढच्या खिडकीशी कोणी बोलले नव्हते. ते बोलणे घडवून आणणे, हाच या पदाचा गाभा आहे असे मी मानतो.

एका काउंटीच्या कार्यक्रमात काम करताना मी तुरुंगाचा प्रश्न जवळून पाहिला आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. कैदेत असताना शरीराची ओपिऑइड (हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ) सहन करण्याची क्षमता घटते आणि सुटल्यावर माणूस जुन्याच मात्रेकडे परततो. त्यातच आता बाजारात हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असलेले फेंटानिल हे कृत्रिम ओपिऑइड आहे. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट असल्याचे त्यात आढळले. ऱ्होड आयलंडने २०१६ पासून कैद्यांना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही ओपिऑइडच्या व्यसनावरील तिन्ही औषधे उपलब्ध करून दिली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत अतिमात्रेने गेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच काळात असे ९ जण होते. मात्र तेथे संपूर्ण राज्याची तुरुंगव्यवस्था एकाच खात्याकडे आहे. आपल्या राज्यात कच्च्या कैद्यांचे तुरुंग काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तेथील पोलीसप्रमुखाकडे असतील, तर हेच काम दारोदार जाऊन, एकेकाची समजूत घालून करावे लागेल आणि त्याला वर्षे लागतील.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. परंतु समजूत घालण्यावर इतकी भिस्त ठेवू नये, पैशाचा मार्गही पाहावा. कैदेत असलेल्या व्यक्तीच्या उपचारांना मेडिकेडचा पैसा सहसा मिळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपर्यंत काही सेवांसाठी तो वापरण्याची परवानगी प्रथम मिळाली. शेरीफचा विरोध पुष्कळदा तत्त्वाचा नसून खर्चाचा असतो, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे मेडिकेडचा प्रमुख आपल्या बाजूला असणे भाषणांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

दुसरी बाब वेळेची. विषविज्ञानाच्या तपासण्या पूर्ण होऊन मृत्यूचे कारण निश्चित होईपर्यंत आठवडे, कधी महिने जातात आणि तोवर बाजारातील मिश्रण बदललेले असते. झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणण्याचे औषध फेंटानिलमध्ये मिसळले जाऊ लागले, तेव्हा त्यावर नॅलोक्सोन या ओपिऑइडच्या उताऱ्याचा परिणाम होत नाही, तरीही सोबतच्या फेंटानिलसाठी नॅलोक्सोन द्यायचेच आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे, हे रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांपर्यंत तातडीने पोहोचणे आवश्यक होते. म्हणून केवळ मृत्युदाखल्यांवर विसंबू नका. रुग्णवाहिकांच्या आणि आपत्कालीन विभागांच्या नोंदी दर आठवड्याला आपल्या टेबलावर याव्यात, अशी व्यवस्था लेखी मागून घ्या. आणि अहवालात ‘व्यसनी’ हा शब्द येऊ देऊ नका. त्या ओळीमागे कोणाचे तरी मूल असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. अर्ज करण्याचे ठरवले आहे. तुरुंग आणि मेडिकेड या खात्यांच्या प्रमुखांसोबत नियमित बैठक बोलावण्याचा अधिकार या पदाला नियुक्तिपत्रातच मिळेल का आणि खात्यांच्या नोंदी जोडण्याचा करार कोणाच्या सहीने होईल, हे दोन प्रश्न मी मुलाखतीत विचारणार आहे. सही आरोग्य सचिवांचीच लागणार असेल, तर ती पहिल्या तीन महिन्यांत मिळावी, अशी अट घालणे योग्य दिसेल का, यावर कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे. मुलाखत पुढील आठवड्यात आहे.